प्रेअरीचा उरलेला तुकडा कसा सांभाळायचा: शिकागोकडच्या नवख्यांसाठी

नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या भागात आता मराठी घरं भरपूर आहेत. इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात हे त्यातल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. ती प्रेअरी, म्हणजे इथलं मूळचं उंच गवताचं माळरान, आहे कुठे, असं विचारलं तर बोट मक्याच्या शेताकडे जातं. बोट चुकत नाही. ती तिथेच होती.

१८२०च्या सुमारास या राज्यात जवळपास २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ मध्ये ग्रँड डिटूर गावातल्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर बनवला. इथली काळी माती आधीच्या नांगरांना चिकटून बसायची, या नांगरावरून ती घसरून पडू लागली. पुढे जमिनीखाली नळ घालून पाणथळ भाग कोरडे केले गेले, आणि दोन-तीन पिढ्यांत सगळं उलटलं. मूळची, धड अवस्थेतली प्रेअरी आज अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर.

हा लेख अशा उरलेल्या तुकड्यावर पहिल्यांदाच हात लावायला निघालेल्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. नवखा माणूस येतो तो काहीतरी लावायच्या तयारीने, आणि इथलं बहुतेक काम काढण्याचं असतं. रोपं, बी, बागेची हौस हे सगळं शेवटी. तुकड्यात जे आहे ते ओळखणं आणि त्याच्या डोक्यावर बसलेलं उतरवणं हे आधी.

पायरी १: हा खरंच जुना तुकडा आहे का?

नांगर जिथे पोचला नाही तिथे प्रेअरी टिकली, म्हणून शोध तिथेच घ्यायचा. जुन्या वसाहतकारांच्या दफनभूमी, रेल्वेच्या रुळालगतच्या पट्ट्या, गोट्यांच्या किंवा वाळूच्या टेकड्या, पाणी साचणारे कोपरे. रेल्वेची जमीन लवकर कुंपणात गेली आणि इंजिनाच्या ठिणग्यांनी अधूनमधून जळत राहिली, त्यामुळे ती वाचली. दफनभूमींचं महत्त्व ओळखणाऱ्यांत नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठाचे रॉबर्ट बेट्झ हे मोठं नाव. फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या वर्तुळाकार कण-प्रवेगकाच्या आत १९७५ पासून जी प्रेअरी उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने. मॅकलीन काउंटीतली वेस्टन दफनभूमीची प्रेअरी पाचच एकरांची आहे, पण राज्यभरातले अभ्यासक तिथे जातात. माझा सर्वांत लाडका तुकडा वेस्टचेस्टरमधला वुल्फ रोड प्रेअरी. १९२०च्या दशकात तिथे घरांची वसाहत व्हायची होती, पदपथही टाकून झाले होते. मग मंदी आली आणि घरं झालीच नाहीत. आजही उंच गवतातून ते सिमेंटचे पदपथ सरळ रेषेत जातात.

जागेवर गेल्यावर उंच गवत दिसलं म्हणून हरखून जाऊ नका. स्मूथ ब्रोम हे चाऱ्यासाठी आणलेलं गवतही उंच असतं. क्वीन ॲन्स लेसची पांढरी छत्री आणि चिकोरीची निळी फुलं दिसायला सुरेख, पण ती पडीक शेताची खूण. जुन्या जमिनीची खूण म्हणजे लेड प्लांट, प्रेअरी ड्रॉपसीड, शूटिंग स्टार, होअरी पकून, बास्टर्ड टोडफ्लॅक्स अशी मंडळी, तीही एकमेकांत गुंतलेली. कंपास प्लांट दिसला तर आनंद माना, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. तो हल्ली पेरलेल्या प्रेअरीतही असतो.

मॉर्टन आर्बोरेटम या वृक्ष-उद्यानाशी संबंधित वनस्पतीतज्ज्ञ फ्लॉइड स्विंक आणि जेरूल्ड विल्हेल्म यांनी शिकागो परिसरातल्या प्रत्येक देशी वनस्पतीला ० ते १० असा अंक दिला. कुठेही उगवणारीला ०, आणि फक्त अबाधित जागीच टिकणारीला १०. तुमच्या यादीत वरच्या अंकांची नावं जमू लागली की समजा जागा जुनी आहे. दुसरा पुरावा कागदावरचा. १९३०च्या दशकाच्या शेवटापासून इलिनॉयची हवाई छायाचित्रं काढली गेली आणि ती आज संकेतस्थळावर पाहता येतात. त्यात तुमच्या जागेवर नांगराच्या रेघा दिसल्या तर आशा थोडी कमी करा.

दुर्मीळ काही सापडलं, विशेषतः प्रेअरी व्हाइट फ्रिंज्ड ऑर्किड, तर फोटो ठिकाणासकट समाजमाध्यमांवर टाकू नका. हे ऑर्किड १९८९ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे, आणि ऑर्किड उपटून नेणारे लोक इथेही आहेत.

पायरी २: परवानगी

ही पायरी छोटी आहे आणि तीच लोक टाळतात. जमीन काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हची असो, पार्क डिस्ट्रिक्टची, रेल्वेची किंवा दफनभूमीच्या विश्वस्तांची, लेखी परवानगीशिवाय एक काडीही उचलायची नाही. बीसुद्धा नाही. नवख्याने स्वतंत्र तुकडा शोधत बसण्यापेक्षा आधीच चालू असलेल्या कामात शिरावं हे बरं. १९७७ मध्ये शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँचच्या काठी स्टीफन पॅकर्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वयंसेवकांचं जे काम सुरू केलं, त्यातून या भागात शनिवार-रविवारच्या ‘वर्कडे’ची पद्धत रुजली. प्रत्येक जागेला एक स्टुअर्ड असतो, म्हणजे ती जागा वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस. तो पगारी असेलच असं नाही. त्याचा शब्द शेवटचा.

पायरी ३: एक हंगाम नुसतं बघणं

मे, जुलै आणि सप्टेंबर अशा निदान तीन वेळा त्याच वाटेने फिरा. मे महिन्यात ठेंगणी फुलं दिसतात, ती ऑगस्टमध्ये सहा-सात फूट उंच गवताखाली शोधूनही सापडत नाहीत. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास ही मोठी गवतं उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तुऱ्यावर येतात. इंडियन ग्रासचा सोनेरी तुरा पाहून ज्वारीची आठवण आली तर ती उगाच नाही. ते ज्वारीच्याच कुळातलं आहे. बिग ब्लूस्टेमही त्याच गणगोतातलं, आणि आपल्या माळावर चालताना पायजम्याला टोचणारं कुसळी गवतही.

वहीत तीन गोष्टी लिहा: काय दिसलं, किती दिसलं, आणि कुठे काय घुसलंय. नकाशावर घुसखोरांचे डाग काढा. पुढचं सगळं काम या नकाशावरून ठरतं. जमिनीच्या वर दिसतं त्यापेक्षा खाली जास्त आहे हेही ध्यानात ठेवा. बिग ब्लूस्टेमची मुळं आठ-दहा फूट जातात, कंपास प्लांटची त्याहून खोल. त्या मुळांभोवतीची बुरशी, जिवाणू आणि किडे कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाहीत. मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये १९३०च्या दशकात, निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड तिथे असताना, जुन्या शेतावर प्रेअरी परत आणायला सुरुवात झाली. कर्टिस प्रेअरी म्हणून ती आज जगातली सर्वांत जुनी पुनःस्थापित प्रेअरी मानली जाते, आणि तिथलं तण काढणं अजून संपलेलं नाही. मुळातला तुकडा हातात असेल तर त्याची किंमत यावरून करा.

पायरी ४: झुडपं

सुरुवात नोव्हेंबरात करा. बकथॉर्न हे युरोपातून कुंपणासाठी आणलेलं झुडूप, आणि बाकी सगळ्यांची पानं गळाली तरी याची हिरवीच राहतात. त्यामुळे नवख्यालाही लांबून ओळखता येतं. हनीसकलची परदेशी झुडपंही अशीच उशिरापर्यंत हिरवी असतात. या झुडपांच्या दाट सावलीत प्रेअरीची ऊनवेडी वनस्पती काही वर्षांत संपते.

नुसतं कापलं की बकथॉर्न बुंध्यापासून चौपट फुटवे काढतो. म्हणून पद्धत अशी: लॉपरने (लांब दांड्यांच्या कात्रीने) किंवा हातकरवतीने जमिनीलगत आडवा काप घ्यायचा, भुसा पुसायचा, आणि लगेच कापाच्या कडेला, सालीच्या आतल्या ओल्या वर्तुळावर, तणनाशक लावायचं. पाण्यात मिसळलेलं औषध असेल तर काही मिनिटांतच लावावं लागतं, नंतर काप सुकतो आणि औषध आत जात नाही. सार्वजनिक जमिनीवर हे औषध परवाना असलेल्यानेच लावायचं. तुम्ही कापा, तो मागून येईल. औषध थेंबभरही शेजारच्या गवतावर पडू नये. ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाला देशी-परदेशी कळत नाही.

रोप बोटाएवढं असेल तर ओल्या मातीतून उपटता येतं. मोठं मूळ मात्र ओढू नका, त्याच्याबरोबर शंभर वर्षांचा गवताचा गुंतलेला थर उखडतो आणि त्या उघड्या खड्ड्यात पहिला शिरतो तो तणच. कापलेल्या फांद्यांचा ढीग करून हिवाळ्यात जाळतात. ढिगाखालची माती भाजून निघते, म्हणून जागा एकच ठरवा, आणि ती चांगल्या गवतापासून दूर.

जमीन गोठलेली असताना काम करण्याचा फायदा म्हणजे बुटांखाली काही चिरडत नाही. उणे दहात झुडपं तोडायला कोण येणार, असं वाटतं. पण डिसेंबरातल्या सकाळी शेकोटीभोवती जेवढी माणसं जमतात तेवढी जुलैत डास चावून घ्यायला येत नाहीत.

पायरी ५: तण

प्रत्येक तणाचा स्वभाव वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की ते वाढतं. पांढरा आणि पिवळा स्वीट क्लोव्हर दोन वर्षं जगतो. दुसऱ्या वर्षी फुलतो, बी टाकतो आणि मरतो, पण ते बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं. म्हणून जूनमध्ये, पावसानंतर, बी धरायच्या आत मुळासकट उपटायचा. एक वर्ष चुकवलं की पुढची बरीच वर्षं गेली. टीझलचा पहिल्या वर्षीचा पानांचा चपटा गेंद अरुंद खुरप्याने मूळ तोडून काढा. फुलावर आलेला असेल तर बोंडं कापून पिशवीत भरा आणि जागेबाहेर न्या. क्राउन व्हेच जमिनीखालून पसरतो, उपटणं फुकट आहे. रीड कॅनरी ग्रास तर नवख्याने बघून वहीत लिहावं आणि सोडून द्यावं.

वाइल्ड पार्स्निपबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचा रस कातडीवर लागून त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि शक्यतो ढगाळ दिवस.

गोल्डनरॉड दिसला की पुष्कळांचे हात शिवशिवतात. तो इथलाच आहे. काही जागी माजतो हे खरं, पण त्याचं काय करायचं ते स्टुअर्डला ठरवू द्या.

पायरी ६: आग

इथे पाऊस एवढा पडतो की मोकळं सोडलं तर झाडंच वाढतील. हजारो वर्षं ही जमीन गवताची राहिली ती बऱ्याच अंशी आगीमुळे. काही आगी विजेच्या, पण बहुतेक माणसांनी लावलेल्या. पोटावाटोमी आणि इतर मूलनिवासी लोक शिकारीसाठी, नव्या कोवळ्या गवतासाठी, वाट मोकळी राहावी म्हणून माळ जाळत. १८३३च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीच्या पलीकडे हाकललं गेलं, आणि त्यांच्याबरोबर ती आगही गेली. आजच्या प्रेअरीतल्या प्रत्येक ‘बर्न’मागे हा इतिहास आहे, आणि स्वयंसेवकांच्या माहितीसत्रात तो क्वचितच कोणी सांगतं.

आग वाळलेला थर खाऊन टाकते, कोवळी झुडपं मारते, आणि काळी झालेली जमीन वसंतात लवकर तापते. प्रेअरीच्या वनस्पतींचे कोंब जमिनीखाली सुरक्षित असतात, त्यांना फायदा होतो.

नवख्याने मात्र हे काम स्वतः करायचं नाही. यात सवलत नाही. इलिनॉयमध्ये २००७ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. प्रमाणित बर्न मॅनेजर, लेखी आराखडा, परवाना, अग्निशमन दल आणि शेजाऱ्यांना आगाऊ सूचना, आणि वारा, आर्द्रता, धूर कुठे जाईल याचा हिशेब लागतो. हंगाम दोन: मार्च-एप्रिल आणि साधारण नोव्हेंबर. तुम्हाला यात उतरायचं असेल तर प्रशिक्षण घ्या. त्यानंतर आग न धरणारे कपडे, पाठीवरचा पाण्याचा पंप आणि रबरी झापड घेऊन कडेला उभं राहण्यापासून सुरुवात होते.

संपूर्ण तुकडा एकाच वर्षी जाळायचा नाही. फुलपाखरांचे कोश, मधमाश्यांच्या काड्यांतल्या खोल्या, गवतातले नाकतोड्यांचे नातलग, सगळे वाळक्या गवतातच हिवाळा काढतात. चारही बाजूंनी मका आणि पार्किंग असलेल्या पाच एकरांत ते पळून जाणार कुठे? एक भाग जाळायचा, बाकीचे राखायचे, पुढच्या वर्षी पाळी बदलायची.

हे वाचून कोणी गावाकडच्या माळाला काडी लावू नये. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या माळरानाचा पाऊस, चराई आणि माती वेगळी आहे, तिथे पक्षी जमिनीवर घरटी करतात, आणि या भागातल्या आगीचं वेळापत्रक तिकडे लागू होत नाही. दोन्हीकडे सारखी आहे ती नजर: गवताळ जमीन म्हणजे ‘पडीक’, तिच्यावर झाडं लावली की पुण्य. नान्नजच्या माळढोकाची जी गत झाली तीच इलिनॉयच्या प्रेअरी चिकन या पक्ष्याची. राज्यात तो आता जॅस्पर आणि मॅरियन काउंट्यांतल्या प्रेअरी रिज या राखीव जागेपुरता उरला आहे, आणि तिथेही २०१४ पासून कॅन्ससहून पक्षी आणून सोडावे लागले. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये चुनखडी इतकी वर आहे की नांगर चाललाच नाही, म्हणून उंच गवताची सर्वांत मोठी सलग प्रेअरी तिकडे राहिली.

पायरी ७: बी, आणि तेही जपून

चांगल्या अवस्थेतल्या जुन्या तुकड्यात बाहेरचं बी टाकू नये. तिथे बी गोळा करायचं असतं, तेही परवानगीने आणि थोडं. पेरायचं ते तुकड्याच्या शेजारी, जिथे पूर्वी शेत किंवा झुडपांचं रान होतं, म्हणजे तुकडा हळूहळू मोठा होतो. उत्तर इलिनॉयमधल्या नाचुसा ग्रासलँड्स या राखीव माळरानावर १९८६ पासून हेच चाललं आहे: मधले जुने तुकडे राखायचे आणि मधल्या शेतांत त्यांचंच बी पेरत त्यांना जोडायचं. २०१४ मध्ये तिथे बायसनही आले. जोलिएटजवळचं मिडेविन हे राखीव माळरान तर लष्कराच्या दारूगोळा कारखान्याच्या जागेवर उभं आहे.

बी जवळपासचंच हवं. बाजारात मिळणारे स्विचग्रास आणि बिग ब्लूस्टेमचे सुधारित वाण चाऱ्यासाठी निवडलेले असतात, ते इतके जोमाने वाढतात की फुलझाडांना जागा ठेवत नाहीत. कागदी पिशव्या वापरा, प्लास्टिकमध्ये बी सडतं. प्रत्येक पिशवीवर नाव, तारीख, जागा. एकाच झाडाचं सगळं बी ओरबाडू नका. मोठ्या गवतांचं बी ऑक्टोबरात सहज मिळतं म्हणून लोक तेच पोत्यांनी भरतात आणि मग पेरणीत गवतच गवत होतं. खरी गरज असते ती जूनमध्ये वाकून गोळा कराव्या लागणाऱ्या ठेंगण्या झाडांच्या बियांची.

बहुतेक बियांना रुजण्याआधी थंड ओल लागते. प्रयोगशाळेत ती द्यावी लागते, पण नोव्हेंबर-डिसेंबरात पेरलं तर इलिनॉयचा हिवाळा ते काम फुकट करतो. शेंगवर्गीयांच्या बियांना रायझोबियम जिवाणू चोळा. वुड बेटनी हे झाड गवताच्या मुळांवर अर्धं जगतं आणि त्यामुळे गवताचा माज उतरतो. ते मिश्रणात असेल तर फार उपयोगी.

पहिल्या उन्हाळ्यात पेरलेल्या जागी तणच दिसेल. घाबरून जाऊ नका, आणि उपटूही नका, कोवळी रोपं बरोबर येतात. सहा-आठ इंचांवर ठेवून दोन-तीनदा कापा, म्हणजे खालच्या रोपांना ऊन मिळतं. पहिली दोन वर्षं ती मुळंच वाढवतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय जमलं ते कळतं.

पायरी ८: कागदपत्रं

तुकडा सगळ्या तणांपासून मुक्त केला आणि रस्त्याच्या रुंदीकरणात गेला, असं होऊ शकतं. रॉकफर्ड विमानतळाच्या हद्दीतल्या बेल बोल प्रेअरीत २०२१ मध्ये रस्टी पॅच्ड बंबलबी ही संकटग्रस्त मधमाशी सापडली आणि विमानतळाच्या विस्ताराचं बांधकाम थांबलं. मार्च २०२३ मध्ये ते परत सुरू झालं आणि प्रेअरीचा काही भाग बुलडोझरखाली गेला. म्हणून जागेला कायद्याचं कवच आहे का ते आधी पाहा. इलिनॉय नेचर प्रिझर्व्हज कमिशन १९६३ पासून आहे. त्याच्यामार्फत ‘नेचर प्रिझर्व्ह’ म्हणून कायमची राखून ठेवलेल्या जागेला राज्यातलं सर्वांत भक्कम संरक्षण मिळतं, आणि खासगी मालकही मालकी न सोडता आपली जमीन तशी राखून ठेवू शकतो. तुमच्या गावात झोनिंगची, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल ते ठरवणारी, सुनावणी असेल तर जाऊन बसा. तुमची ती तारखांसह केलेली वनस्पतींची यादी तिथे कामाला येते.

पहिल्या वर्कडेला जाताना: फिक्या रंगाची लांब पँट, पायमोज्यांत खोचलेली, कारण गोचीड दिसली पाहिजे. ती लाइम रोग पसरवते, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि केसांत तपासा. अंगावर पुरळ उठवणाऱ्या पॉयझन आयव्हीची तीन पानं कोणाकडून तरी आधी दाखवून घ्या. जाताना आणि येताना बुटांचे तळवे ब्रशने झाडा, तणाचं बी चिखलातून प्रवास करतं. हातमोजे आणि हत्यारं बहुधा तिथे मिळतात, पाणी आपलं न्यायचं. मुलांना नेणार असाल तर वयाची अट आधी विचारा. करवतीच्या कामाला ती असते, ऑक्टोबरातल्या बी गोळा करण्याला बहुतेक ठिकाणी नसते.